पैशासोबत पत्रही पाठवा

तुमच्या लेखात तुरुंगातल्या कैद्यांना मनीऑर्डर कशी करायची ते सविस्तर दिलंय, पत्राला मात्र दोनच ओळी. हे पटलं नाही. माझा चुलतभाऊ कोल्हापूरच्या कळंबा जेलमध्ये कच्चा कैदी आहे, म्हणजे खटल्याचा निकाल अजून लागायचाय. पैसे लागतातच, घरून आलेली रक्कम त्याच्या नावावर जमा होते, त्यातून कॅन्टीनचा साबण, तेल, बिस्किटं घेता येतात. पण जेलमध्ये भेटायला, म्हणजे मुलाखतीला, गेलं की तो आधी पत्राचं विचारतो. काकी आंतरदेशीय पत्र काठोकाठ भरते, घडीच्या पट्टीवरसुद्धा लिहिते: म्हैस व्याली, पंचगंगा पात्राबाहेर पडली, धाकटी दहावी पास झाली. पत्रं तपासूनच आत देतात, म्हणून केसबद्दल त्यात अक्षरही नको. ते वकिलाशीच बोलावं.

वरच्या प्रतिक्रियेत एकांनी ‘गुन्हेगारांना कशाला पोसायचं?’ असं विचारलंय. अहो, देशातल्या तुरुंगांत चारातले जवळपास तीन कैदी कच्चे आहेत, त्यांचा गुन्हा अजून शाबित व्हायचाय! कितीतरी जण जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी आतच राहतात. अशा गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ पासून योजना आहे. काही गंभीर गुन्हे वगळता कच्च्या कैद्याला जामिनासाठी, शिक्षा झालेल्याला दंड भरायला ठरावीक रकमेपर्यंत मदत मिळू शकते. चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करावी, आपल्याकडे कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात. मोफत वकीलही तिथूनच मिळतो, आणि कोठडीतल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. संपादकांनी एवढं लेखात जोडावं, ही कळकळीची विनंती.