तीनच मिलीग्रॅम म्हणालात, मग काकांना पन्नास इंजेक्शनं का?

नमस्कार. अ‍ॅट्रोपीन हे मंदावलेले ठोके वाढवायला आणि काही कीटकनाशकांच्या विषावर उतारा म्हणून देतात, त्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुमची चिकोडीहून आलेली प्रतिक्रिया रागातली आहे, आणि राग रास्त आहे. तुम्ही म्हणता, "अ‍ॅट्रोपीन प्रौढाला जास्तीत जास्त 3 मिलीग्रॅम, असं तुम्ही लिहिलंत. आमच्या काकांनी उसावर मारायचं औषध घेतलं, तेव्हा बेळगावच्या दवाखान्यात पहिल्या तासातच त्याची पन्नास इंजेक्शनं फोडली. वजनही केलं नाही. चुकलं कोण?"

मी चुकलो. ती मर्यादा हृदयाचे ठोके मंदावलेल्या रुग्णासाठी आहे, हे त्याच वाक्यात यायला हवं होतं. तिथं 1 मिलीग्रॅम शिरेतून, दर 3 ते 5 मिनिटांनी, एकूण 3 पर्यंत. तेवढ्यानं ठोके वाढले नाहीत तर दुसरा उपाय बघायचा.

काकांचं प्रकरण निराळं. (आपल्याकडे विषालाही 'औषध'च म्हणतात, त्यानं घोळ आणखी वाढतो.) ऑर्गॅनोफॉस्फेट (फवारणीच्या कीटकनाशकांचा एक गट) पोटात गेलं की अ‍ॅसिटिलकोलीन, म्हणजे नसांचा निरोप पोचवणारं द्रव्य, मोडणारं विकर (एन्झाइम) बंद पडतं. मग अ‍ॅसिटिलकोलीन साचत जातं, छातीत पाणी भरतं, घाम-लाळ थांबत नाही. अ‍ॅट्रोपीनला त्या साठ्याशी झुंजून जागा मिळवायची असते, आणि साठा किती हे विष किती पोटात गेलं त्यावर ठरतं. काका सत्तर किलोचे की पन्नासचे, त्यानं फारसा फरक पडत नाही. वजनाचा हिशेब लहान मुलांसाठी.

म्हणून 1 ते 3 मिलीग्रॅमनं सुरुवात करून दर पाच मिनिटांनी बघायचं. फरक नसेल तर डोस दुप्पट. 2, 4, 8, 16 : पंधरा मिनिटांत 30 मिलीग्रॅम. आपल्याकडची छोटी अँप्यूल (इंजेक्शनची काचेची कुपी) 0.6 मिलीग्रॅमची. भागून बघा, बरोबर पन्नास येतात!

थांबायचं कधी? छाती मोकळी, काख कोरडी, नाडी आणि वरचं बीपी दोन्ही 80 च्या पुढे. डोळ्यांच्या बाहुल्या उशिरा मोठ्या होतात. नातेवाईक मात्र मोबाईलचा टॉर्च मारून तेवढंच बघत बसतात.

मग एकूण लागलेल्या मात्रेचा 10 ते 20 टक्के भाग दर तासाला सलाईनमधून. दुसऱ्या रात्री काका हवेतले धागे ओढत होते, अंग तापलं होतं, हेही तुम्ही लिहिलंय. धोतरा खाल्लेला माणूस असंच करतो. धोतऱ्यातलं द्रव्य आणि अ‍ॅट्रोपीन एकाच जातीचं. तेव्हा अ‍ॅट्रोपीन जास्त झालं होतं. अशा वेळी सलाईन थोडा वेळ बंद ठेवून कमी मात्रेनं पुन्हा लावतात. तुम्हाला वाटलं, डॉक्टर मध्येच औषध विसरले. ते बहुधा हेच करत होते.