पैसे भरून परदेशाचा वाणिज्यदूत होता येत नाही

सोलापुरातल्या कारखानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर जोरात फिरतोय. त्यातला दावा असा: ठरावीक रक्कम भरली की कुणालाही आपल्या जागेत परदेशाचा मानद वाणिज्य दूतावास उघडता येतो (मानद वाणिज्यदूत म्हणजे परदेशाने एखाद्या शहरात नेमलेला, पूर्णवेळ नोकरीत नसलेला प्रतिनिधी). महापालिकेचा परवाना पुरतो. मग राजनैतिक पासपोर्ट मिळतो, पोलीस अटक करू शकत नाहीत, छापा पडत नाही, आयकरही माफ. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेलवाल्याने या नादात कष्टाचे पैसे घालवू नयेत, म्हणून हे लिहितोय.

आधी परवान्याचं. वाणिज्यदूतांचा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र सूचीत, 11व्या नोंदीत आहे. त्यात महापालिकाच काय, राज्य सरकारही परवानगी देऊ शकत नाही. वाणिज्यदूतांविषयीच्या 1963च्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना कराराप्रमाणे (भारत त्यात 1977 साली सामील झाला) नेमणूक तो परदेश करतो आणि भारत सरकार संमती देतं. कार्यालय कुठल्या शहरात, कुठल्या दर्जाचं, त्याचं कार्यक्षेत्र किती, या प्रत्येकाला दिल्लीची मान्यता लागते. भारतीय नागरिकाला नेमायचं तर स्पष्ट संमती हवी आणि ती केव्हाही काढून घेता येते. मान्यतापत्र, म्हणजे दूत म्हणून काम करायची परवानगी, नाकारलं तर कारण सांगायलाही सरकार बांधील नाही. मानद वाणिज्यदूत नेमायचे किंवा स्वीकारायचे की नाहीत, हेही प्रत्येक देशाच्या मर्जीवर आहे. यात पैसे भरायची खिडकी कुठेच नाही.

अटकेचा मुद्दा सगळ्यात घातक, कारण लोक त्यालाच भुलतात. पूर्णवेळ वाणिज्यदूताला अटकेपासून जे संरक्षण आहे ते याच कराराच्या कलम 41मध्ये, आणि ते कलम मानद वाणिज्यदूताला लागूच नाही. त्याला संरक्षण मिळतं ते फक्त दूत म्हणून केलेल्या कामापुरतं. चेक बाउन्स झाला, जीएसटी थकला, कामगारांचा पीएफ भरला नाही, तर खटला इतरांसारखाच चालतो. फौजदारी प्रकरणात हजर राहावंच लागतं. बायकोमुलांना तर यातली कुठलीच सवलत नाही.

छाप्याचंही तसंच. मानद वाणिज्यदूताच्या जागेत पोलिसांनी शिरू नये असा नियम करारात नाही. अभय आहे ते दूतावासाच्या कागदपत्रांना, आणि तेही वेगळे ठेवले असतील तरच. ज्या कपाटात टॉवेलची बिलं, सुताचे हिशेब आणि घरची पत्रं आहेत, त्यातच दूतावासाची फाईल खुपसली, तर ते अभयही गेलं.

करारातली आयकराची सूट फक्त त्या देशाने या कामासाठी दिलेल्या मोबदल्यावर, आणि दूत भारतीय नागरिक असेल तर करार त्याला तीही देत नाही. चादरींच्या नफ्यावर एक रुपयाही माफ नाही. सीमाशुल्क माफ होतं ते त्या देशाने कचेरीच्या कामासाठी पाठवलेल्या झेंडे, पाट्या, शिक्के, छापील कागद, फर्निचर अशा वस्तूंवर. यादीत गाडी नाही. पासपोर्टाची तर करारात तरतूदच नाही.

या पदाचा जगात गैरवापर झालाय, हे खरं आहे. 2022मध्ये शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने गुन्ह्यांत किंवा वादांत अडकलेले किमान 500 आजी-माजी मानद वाणिज्यदूत शोधून काढले. पण त्यांतल्या अनेकांवर खटले चालले, शिक्षाही झाल्या. पदाने त्यांना वाचवलं नाही.

आपलं टेरी टॉवेल परदेशी जातं, त्यामुळे एखाद्या देशाला उद्या सोलापुरात माणूस हवासा वाटला तर मला आनंदच होईल. त्या कामात अडचणीतल्या परदेशी नागरिकाला मदत करणं आणि व्यापाराच्या गाठीभेटी घडवणं येतं, आणि त्यासाठी वेळ व खर्च बहुतेकदा स्वतःचाच. पण सुरुवात त्या देशाच्या दिल्लीतल्या दूतावासाकडून होते आणि प्रस्ताव तिथून परराष्ट्र मंत्रालयाकडे जातो. मध्ये कुणी एजंट येऊन आगाऊ रक्कम मागत असेल, तर त्याने दाखवलेल्या कागदावर विसंबू नका. दूतावासाचा फोन नंबर परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून स्वतः काढा आणि थेट विचारा. त्या एजंटचं नाव तिथे कुणाला माहीत नसेल, तर पुढची तक्रार सायबर पोलिसांकडे करायची.