योग की योगा, आणि मंगळवारचा क्लास

दरवर्षी २१ जूनचा योग दिन जवळ आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर तेच मेसेज यायला लागतात, योग आपला आणि पैसा कमावतायत ते, योगा नाही योग म्हणा वगैरे. यंदा काकांनी असाच एक मेसेज टाकला आणि खाली मला विचारलं, तू तिकडे गोऱ्या लोकांना शिकवतेस, तुला काय वाटतं? दोन ओळींत सांगण्यासारखं नव्हतं म्हणून सविस्तर लिहितेय, काका तुम्हीही वाचा.

मी जर्मनीत श्टुटगार्टला राहते त्याला अकरा वर्षं झाली. दिवसा ऑफिस, आणि दर मंगळवारी संध्याकाळी इथल्या फोक्सहोखशूलेत (म्हणजे मोठ्या माणसांची शाळा म्हणा, शिवणकामापासून स्पॅनिशपर्यंत काहीही शिकता येतं, फी परवडणारी) योगा क्लास घेते. बघा, मीही योगाच लिहून गेले. पण खरं सांगू का, त्या शेवटच्या कान्याचा मला राग येत नाही. इथे तर वेगळाच वाद आहे, जर्मनमध्ये प्रत्येक शब्दाला लिंग लागतं तर डेर योगा म्हणायचं की दास योगा, आणि जे मनापासून करतात ते आवर्जून डेर म्हणतात, कारण संस्कृतात योग पुल्लिंगी आहे. हे मला पहिल्यांदा एका जर्मन बाईनं सांगितलं तेव्हा मी गप्पच झाले, मला तोवर सुचलंही नव्हतं.

आसनांच्या नावांचं मात्र मला वाईट वाटतं, आणि इथे मी काकांच्या बाजूची आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यात सरकारी शाळांमध्ये १९९३ पासून योगाला बंदी होती, २०२१ मध्ये उठवली, पण कशी, तर आसनांची नावं फक्त इंग्रजीत घ्यायची, मंत्र नको, मुद्रा नको, नमस्ते म्हणायचं नाही. मुलांना नुसतं वाकायला शिकवा. हे मला पटत नाही. उत्तानासन (उभ्यानं पुढे वाकतात ते) म्हटलं की उत् आणि तान, जोर लावून ताणणं, म्हणजे काय करायचंय ते नावातच आलं. माझ्या क्लासमध्ये मी संस्कृत नाव आधी सांगते, मग अर्थ, मग जर्मन. कोणीही तक्रार केली नाही. उलट एकदा घाईत अधोमुख श्वानासनाला नुसतंच 'खाली बघणारा कुत्रा' म्हणाले तर मागून आवाज आला, अधोमुख राहिलं.

पण मग आपल्याकडे काय चाललंय तेही बघायला पाहिजे ना. २०१५ ला पहिला आंतरराष्ट्रीय योग दिन झाला तेव्हा सगळा वेळ ओम म्हणायचं की नाही आणि सूर्यनमस्कार ठेवायचे की नाही यावर गेला, शेवटी सूर्यनमस्कार त्या सरकारी कार्यक्रमातून वगळलेच. त्याला विरोध करणारे आणि पाठिंबा देणारे यांच्यातले किती जण २२ जूनला सकाळी उठून मॅटवर होते? माझ्या शाळेत रथसप्तमीला ग्राउंडवर आम्हा सगळ्यांना उभं करून शिट्टीवर सूर्यनमस्कार घालायला लावायचे, एक दोन एक दोन, श्वास कधी घ्यायचा कधी सोडायचा कोणी सांगितलं नाही आणि दुसऱ्या दिवसापासून पुढच्या रथसप्तमीपर्यंत कोणी नावही काढायचं नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधचे राजे, ज्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार नेले ते स्वतः रोज घालायचे. रोजचं तेवढं आपण सोडून दिलं आणि सोहळा ठेवला.

मी खरं शिकले ते कॉलेजात असताना, सदाशिव पेठेत एका वाड्याच्या वरच्या मजल्यावर. बाई अय्यंगार पद्धतीनं शिकवायच्या. पहिला जवळजवळ महिना फक्त ताडासन. मी वैतागले होते, फी भरून उभं राहायला शिकायचं? बाई समोर खाली बसायच्या आणि माझ्या पायांकडे बघत राहायच्या, म्हणायच्या, डाव्या अंगठ्याखालचा भाग उचलला जातोय, टेकव. टेकवला की गुडघा वर ओढला जायचा, गुडघा ओढला की मांडी फिरायची, आणि कंबरेत जे रोज दुखायचं ते त्या क्षणी नसायचं. एवढ्याशा गोष्टीसाठी महिना लागला आणि तो महिना मला आजही पुरतोय. ही पद्धत घडवणारे बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी म्हणून शिकवायला आले तेव्हा त्यांना मराठी येत नव्हतं, कोवळं वय, लहानपण सगळं आजारपणात गेलेलं, आणि ते पुण्यातच राहिले. बेल्ट, ब्लॉक, दोऱ्या, खुर्च्या हे सगळं लावून ज्याचं शरीर साथ देत नाही त्यालाही आसन करता यावं हा विचार आपल्या पुण्यात घडला. त्याआधी १९२४ मध्ये लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं आणि यौगिक क्रियांच्या वेळी पोटात नक्की काय होतं ते एक्स-रे काढून बघितलं. मग 'त्यांनी चोरलं' म्हणताना हेही आठवावं, आपल्याच लोकांनी कोणालाही समजेल असं करून दाराबाहेर ठेवलं, मुद्दाम, सगळ्यांसाठी.

आता माझ्या क्लासमधले एक आजोबा. वय ७४, आयुष्य गाड्यांच्या कारखान्यात गेलं. पहिल्या दिवशी त्यांना जमिनीवर बसता आलं नाही, इथे लहानपणापासून खुर्ची, मांडी घालायची कधी वेळच येत नाही. घडी घातलेल्या तीन घोंगड्यांवर बसवलं तरी गुडघे छातीशी. पण ते घोंगडी घालतात कशी ते बघायला पाहिजे. चारी कोपरे जुळवतात, गोल कडा एका बाजूला, मोकळ्या कडा पलीकडे, हातानं सुरकुती काढतात आणि मग बसतात. वर्षभरानंतर एक घोंगडी कमी झाली. त्या दिवशी क्लास संपल्यावर थांबले आणि सांगितलं की सकाळी मोजे उभ्याउभ्या घातले, कशाला टेकावं लागलं नाही. माझे डोळे भरून आले.

योगसूत्रांत पतंजलीनं अभ्यासाबद्दल म्हटलंय, दीर्घकाल, नैरंतर्य, सत्कार, म्हणजे खूप दिवस, खंड न पडता आणि आदरानं. सत्कार म्हणजे काय हे मला त्या घोंगडीच्या घडीत दिसतं. इथे तर सरकारी आरोग्य विमासुद्धा ८ ते १२ वेळांच्या मान्यताप्राप्त योगवर्गाच्या फीचा मोठा भाग परत देतो, पण अट अशी की साधारण ८० टक्के हजेरी लागली पाहिजे. टीचरचं शिक्षण तपासतात. मला हे फार आवडतं. माणूस आजारी पडायच्या आधी त्याच्यावर चार पैसे खर्च करायचे.

इथलं सगळंच चांगलं असं नाही. २०० तासांत टीचर झालेले लोक खूप आहेत, लगेच प्राणायाम शिकवायला लागतात, मला भीती वाटते. पण एक गोष्ट मी इथेच शिकले, आणि ती मला आपल्याकडे कोणी शिकवली नव्हती. सुरुवातीला मी पश्चिमोत्तानासनात (पाय लांब करून बसून पुढे वाकतात ते) एका बाईंच्या पाठीवर हात ठेवून दाबलं, माझ्या पाठीवर असंच दाबायचे म्हणून. त्यांच्या मणक्याचा त्रास त्यांनी सांगितला नव्हता, मीही विचारला नव्हता. दोन आठवडे त्या आल्या नाहीत. नंतर आल्या तेव्हा शांतपणे म्हणाल्या, हात लावायच्या आधी विचारत जा. तेव्हापासून विचारते, प्रत्येक वेळी, जुन्या विद्यार्थ्यालासुद्धा. आपल्याकडे गुरूनं दाबलं, ढकललं, ओरडला तर ते प्रेम समजायचं अशी सवय आहे, आणि त्यात किती जणांची कंबर गेली आणि किती बायका नको तो स्पर्श गप्प बसून सोसत राहिल्या हे आपण बोलत नाही. बाहेरच्यांनी काय नेलं याची चर्चा करतो तेवढीच ही पण व्हायला पाहिजे.

म्हणून काका, माझं म्हणणं एवढंच, योग कोणाचा यावर मेसेज पाठवायच्या ऐवजी आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकाला विचारा की महापालिकेच्या शाळेचा हॉल संध्याकाळी बंद का असतो, तिथे आठवड्यातून दोनदा, वर्षभर, नीट शिकलेला टीचर पगार देऊन का ठेवत नाहीत. साठीच्या पुढच्यांसाठी तर आधी. आईच्या वयाच्या बायका पुण्यात आता हळदीकुंकवाला खुर्ची मागतात, ज्या बायका आयुष्यभर पाटावर बसून जेवल्या. गुडघे गेले म्हणतात. कोणी दाखवलंच नाही त्यांना काय करायचं ते.

आईला मी आता दर रविवारी व्हिडिओ कॉलवर शिकवते. फोन फ्रिजला टेकवून ठेवते ती. मागच्या रविवारी खुर्चीवर बसून भारद्वाजासन करायचं होतं, आडवं बसून पाठ फिरवायची, पण तिचे पाय जमिनीला पोचेनात. म्हटलं पायाखाली काहीतरी घे, टणक, दोन्हीकडे सारखं. बाबा गॅलरीत गेले, तुळशीच्या कुंडीखालच्या दोन विटा काढल्या, धुतल्या, टॉवेलनं पुसल्या आणि तिच्या पायाशी आणून ठेवल्या. एक जरा वाकडी होती ती परत उचलून सरळ केली. आईनं टाचा टेकवल्या, पाठ आपोआप वर गेली, आणि ती म्हणाली, हं, आता फिरता येतंय.