सक्ती करणाऱ्याने जोखीमही उचलावी

महामारीची नवी लस आली की ती सक्तीची करावी का, हा वाद दोन वाक्यांत अडकतो. "माझं शरीर, माझा निर्णय" हे एक. "तुझ्या हट्टापायी माझ्या म्हाताऱ्या आईने का मरायचं?" हे दुसरं. दोन्ही वाक्यांत तथ्य आहे, म्हणूनच भांडण मिटत नाही. कोविडमध्ये यावरून सख्ख्या भावाभावांनी बोलणं टाकलेलं मी पाहिलंय. पुढची महामारी कधीतरी येणारच आहे आणि तेव्हा घाबरलेल्या डोक्याने हीच दोन वाक्यं पुन्हा एकमेकांवर फेकली जातील. म्हणून डोकं शांत असताना लिहून ठेवतेय.

मी परिचारिका आहे. कोविडच्या लसीकरणात केंद्रावर काम केलंय. लसीवर माझा पूर्ण विश्वास आहे, माझा नंबर लागला त्याच दिवशी मी घेतली आणि घरच्यांनाही घ्यायला लावली. पहिल्या वर्षभरातच कोविड लसींमुळे जगात सुमारे १ कोटी ४४ लाख मृत्यू टळले, असा अंदाज २०२२ मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. वॉर्डात काम केलेल्या कुणालाही तो आकडा अतिशयोक्त वाटणार नाही. तरीही माझं ठाम मत आहे की सरकार असो, कंपनी असो की कॉलेज, लस सक्तीची करायची असेल तर त्या लसीने ज्याचं नुकसान होईल त्याची जबाबदारी आधी लेखी घ्यावी. तेवढी तयारी नसेल तर समजवा, विनंती करा, घरी येऊन लस द्या. सक्ती करू नका.

सक्तीचा प्रश्न सोडवायचा तर आधी ती लस नेमकं काय करते ते बघायला हवं. हा भाग चर्चेत नेहमी घाईने उरकला जातो. फायझर-बायोएनटेकच्या चाचणीत सुमारे ४३ हजार लोक होते. त्यातल्या १७० जणांना कोविड झाला, १६२ जण लस न मिळालेल्या गटातले आणि ८ जण लस मिळालेल्या गटातले. त्यातून ९५ टक्के हा आकडा आला आणि जगभर झाला. लोकांनी त्याचा अर्थ लावला की लस घेतली की आपल्याला होत नाही आणि आपल्यामुळे दुसऱ्यालाही होत नाही. चाचणीत मात्र मोजले होते ते लक्षणं दिसून टेस्ट पॉझिटिव्ह आलेले रुग्ण. लस घेतलेला माणूस दुसऱ्याला संसर्ग देतो का, हे तपासण्यासाठी ती चाचणी आखलेलीच नव्हती.

सुरुवातीच्या महिन्यांत लसीने प्रसारही बऱ्यापैकी कमी केला, हे खरं आहे. मग डेल्टा आला. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाउन इथल्या उद्रेकात राज्यातले ४६९ रुग्ण मोजले गेले, त्यातल्या ७४ टक्के लोकांचे डोस पूर्ण झालेले होते. नोव्हेंबरमध्ये ओमिक्रॉन आला आणि संसर्ग रोखण्याची ताकद आणखी घटली. गंभीर आजार आणि मृत्यू यांपासूनचं संरक्षण मात्र चांगलं टिकलं. म्हणजे २०२१ च्या सुरुवातीला "दुसऱ्यासाठी घे" हे म्हणणं वाजवी होतं. वर्षभराने त्यातला जोर ओसरला होता, उरलं होतं "स्वतःसाठी घे". नियम मात्र पहिल्याच कारणावर चालू राहिले. सर्टिफिकेट दाखवा तर प्रवास, सर्टिफिकेट दाखवा तर नोकरी.

गोवराचं तसं नाही. गोवराचा एक रुग्ण, आजूबाजूला कुणाचंच लसीकरण नसेल तर, १२ ते १८ जणांना आजार देतो. दोन डोस घेतले की सुमारे ९७ टक्के संरक्षण मिळतं आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. प्रसार थांबवायला ९५ टक्के लोकांचं लसीकरण लागतं, आणि ज्याचं लस घ्यायचं वयच झालेलं नाही असं तान्हं बाळ सर्वस्वी इतरांच्या लसीवर अवलंबून असतं. तिथे सक्तीच्या बाजूने मी हात वर करेन. दोन्हीला आपण लसच म्हणतो म्हणून गोवराचा युक्तिवाद उचलून कोविडला चिकटवता येत नाही, आणि कोविडमधला राग गोवराच्या लसीवर काढणं तर त्याहून घातक.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल प्रकरणात निकाल दिला. दोन्ही बाजूंनी त्यातलं आपल्या सोयीचं तेवढं उचललं. न्यायालयाने म्हटलं की राज्यघटनेच्या कलम २१ खाली कुणावरही लस घेण्याची बळजबरी करता येणार नाही. त्याच निकालात असंही म्हटलं की सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी बंधनं घालू शकतं, आणि केंद्राचं लसीकरण धोरण मनमानी नाही. मग लस न घेतलेल्यांवरची बंधनं का टिकली नाहीत? कारण लस न घेतलेला माणूस घेतलेल्यापेक्षा जास्त संसर्ग पसरवतो हे दाखवणारी माहिती सरकारांनी न्यायालयापुढे ठेवली नाही. पुरावा ठेवा, मग बंधन घाला, असा त्याचा सरळ अर्थ मी घेते. दुष्परिणामांच्या नोंदी लोकांना बघता याव्यात, असंही न्यायालयाने बजावलं. त्याची चर्चा फारच कमी झाली.

सक्तीचे समर्थक अमेरिकेतलं १९०५ चं जेकबसन प्रकरण पुढे करतात. हेनिंग जेकबसन या धर्मोपदेशकाने देवीची लस नाकारली, त्याला ५ डॉलर दंड झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी तो कायम ठेवला. पण देवी म्हणजे दहातल्या तिघांना मारणारा रोग, आणि लसीने तो पसरायचा थांबत होता. शिवाय दंडच झाला, धरून सुई टोचली नाही. ज्याच्या प्रकृतीला लस खरोखर धोक्याची आहे त्याच्यावर ती लादणं क्रूरपणाचं ठरेल, हेही त्याच निकालात आहे.

आता केंद्रावरची एक गोष्ट सांगते. आमच्या लसीच्या एका व्हायलमध्ये १० डोस. बूच टोचलं की ४ तासांत संपवायचे, नाहीतर उरलेलं फेकून द्यायचं, त्यामुळे रांग पुढे सरकवण्याची सतत घाई. एक पस्तिशीची बाई खुर्चीवर बसली. बाही वर केलेली आणि हातात चार घड्या घातलेलं कंपनीचं पत्र: अमुक तारखेपर्यंत लस घेतली नाही तर कामावर येऊ नका. मी नेहमीचं सांगायला लागले, ताप येईल, अंग दुखेल, अर्धा तास इथेच बसा. ती मध्येच म्हणाली, "ते कळलं हो सिस्टर. पण मला काही झालंच तर बघणार कोण? कंपनी की सरकार?" मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते म्हणाले, आम्ही फॉर्म भरतो, वरून चौकशी होते. ती म्हणाली, "म्हणजे कुणीच नाही." आणि तिने दंड पुढे केला.

तिला काही झालं नाही. अर्धा तास बसली आणि गेली. पण तिचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता आणि अफवांचाही नव्हता. लसविरोधक म्हणून तिला उडवून लावणं म्हणजे तिच्यावर अन्याय करणं.

कारण दुर्मीळ का होईना, नुकसान होतं, आणि हे लपवून काही साधत नाही. मुंबईत प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिन यांच्याच लसीने १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १९ माणसं धनुर्वाताने गेली, सगळी एकाच बाटलीतून टोचलेली. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि तो धुऊन निघायला १९०७ उजाडलं. अमेरिकेत १९५५ मध्ये कटर कंपनीच्या पोलिओ लसीत जिवंत विषाणू राहिला. सुमारे २०० मुलं लुळी पडली, १० जण मेले. मोहीम थांबवली, उत्पादनाची तपासणी कडक केली आणि मग ती पुन्हा सुरू झाली. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत युरोपात वापरलेल्या पँडेमरिक्स लसीनंतर फिनलंड आणि स्वीडनमध्ये मुलांमध्ये नार्कोलेप्सीचे, म्हणजे दिवसा अचानक अनावर झोप येण्याच्या आजाराचे, रुग्ण वाढले. २०२१ मध्ये अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर रक्ताच्या गुठळ्यांचा दुर्मीळ प्रकार दिसला. फायझर, मॉडर्ना यांसारख्या एमआरएनए प्रकारच्या लसींनंतर तरुण मुलग्यांमध्ये हृदयाच्या स्नायूला सूज येण्याच्या घटना दिसल्या, आणि स्वीडन व फिनलंडने तरुणांना मॉडर्नाची लस देणं थांबवलं.

यातलं काहीही लस न घेण्याचं कारण होत नाही. लाखांत एखाद्याला होणारं नुकसान आणि त्याच लाखातले वाचलेले अनेक जीव, हा हिशेब लसीच्या बाजूनेच जातो. पण तो समाजाचा हिशेब झाला. ज्या घरातला तो एक असतो त्या घरात नुकसान पूर्ण शंभर टक्के असतं. सगळ्यांच्या भल्यासाठी त्याला पुढे केलं असेल, तेही नोकरी जाण्याची धमकी देऊन, तर त्याची भरपाई सगळ्यांनी मिळून करायला हवी.

हे स्वप्नरंजन नाही. डांग्या खोकल्याच्या लसीवरून झालेल्या वादानंतर ब्रिटनने १९७९ मध्येच कायदा केला. आज त्याखाली एकरकमी १ लाख २० हजार पौंड मिळतात. त्यातही मेख आहे: अपंगत्व ६० टक्के असावं लागतं, ५० टक्के असेल तर हात हलवत परत. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने मुलांच्या लसींसाठी निधी उभा राहिला, त्यात लसीच्या प्रत्येक डोसमागे, तो जितक्या आजारांवर असेल तितक्या वेळा, ७५ सेंट कर जमा होतो. कोविडच्या लसी मात्र या योजनेत धरल्या नाहीत. त्या आपत्कालीन उपायांच्या वेगळ्या योजनेत टाकल्या. तिथे लस घेतल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि निर्णय आरोग्य खात्यातलेच अधिकारी देतात. म्हणजे ज्या लसीची माहिती सगळ्यात ताजी आणि जिच्यासाठी दबाव सगळ्यात जास्त, तिच्याच बाबतीत भरपाई सगळ्यात तुटपुंजी. कंपन्यांनी तर करारांतच अनेक सरकारांकडून दाव्यांपासून संरक्षण घेतलं होतं. जोखीम कंपनीने सरकारवर ढकलली आणि सरकारने दंड पुढे करणाऱ्यावर.

भरपाईची भाषा केली की लोक घाबरतील, असं माझे सहकारीही म्हणतात. मला ते पटत नाही. डेन्मार्कने एप्रिल २०२१ मध्ये अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस कारण सांगून थेट बंद केली, आणि तिथले लोक उरलेल्या लसी घेतच राहिले. पोर्तुगालमध्ये सर्वांवर सक्ती नव्हती. व्हाइस ॲडमिरल गोव्हेया ई मेलो यांनी मोहीम चालवली आणि २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत सुमारे ८५ टक्के लोकांचं लसीकरण पूर्ण झालं. ऑस्ट्रियाने ५ फेब्रुवारी २०२२ रोजी सगळ्या प्रौढांवर सक्तीचा कायदा लागू केला, ३,६०० युरोपर्यंत दंड ठेवला, आणि दंड आकारायची वेळ येण्याआधीच ९ मार्चला तो स्थगित केला. पुढे रद्दच केला.

सक्ती नको म्हणणाऱ्यांनी रिओ दि जानेरोही विसरू नये. १९०४ मध्ये ब्राझीलचे आरोग्यप्रमुख ओस्वाल्दो क्रूझ यांच्या देवीच्या लसीच्या सक्तीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारने सक्ती मागे घेतली. १९०८ मध्ये देवीची साथ आली, हजारो माणसं गेली, आणि तेच शहर लसीसाठी रांगा लावू लागलं. रोग आपल्या तत्त्वांसाठी थांबत नाही.

लस टाळणाऱ्याकडे शत्रू म्हणून बघणंही मला मान्य नाही. निसर्गतः देवी झालेला जगातला शेवटचा माणूस सोमालियातला अली माओ मालिन, साल १९७७. तो इस्पितळात स्वयंपाकी होता, काही काळ लसीकरणाच्या कामातही होता. तरी सुई दुखेल या भीतीने त्याने स्वतः लस टाळली होती. तो वाचला, आणि पुढे पोलिओच्या मोहिमेत लोकांना आपली गोष्ट सांगत फिरला. २०१३ मध्ये तेच काम करताना मलेरियाने गेला. त्याला शिव्या घालून हे झालं असतं का?

आम्हा आरोग्य कर्मचाऱ्यांवर सक्ती असावी का, हे मला अनेकदा विचारतात. असावी, प्रसार रोखणाऱ्या लसीची नक्की असावी. आयसीयूतल्या पेशंटला कुणाचा हात अंगाला लागावा हे निवडता येत नाही. पण तिथेही हीच अट. माझ्या कामासाठी मला लस घ्यायला लावता ना, मग तिने मी अंथरुणाला खिळले तर माझा पगार आणि उपचार तुमच्याकडे.

गेल्या वर्षी, म्हणजे २० मे २०२५ रोजी, जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) सभेने महामारी करार मंजूर केला, तेव्हापासून 'आता डब्ल्यूएचओ लस लादणार' असे मेसेज फिरतायत. ते खोटं आहे. लसीची सक्ती करण्याचा अधिकार डब्ल्यूएचओला मिळणार नाही, असं त्या करारातच स्पष्ट लिहिलंय. निर्णय प्रत्येक देशाचं सरकारच घेणार. मग मागणीही आपल्याच सरकारकडे करायची, आणि ती साथ नसताना करायची, कारण साथीत भरपाईचा कायदा घाईघाईत आणि कंजूषपणे होतो. माझी मागणी एवढी: सक्तीच्या कोणत्याही आदेशावर शेवटची तारीख असावी आणि प्रसाराची ताजी आकडेवारी मांडल्याशिवाय ती पुढे ढकलता येऊ नये. दुष्परिणामांच्या तक्रारींचा निकाल लस देणाऱ्या खात्याने लावू नये, वेगळ्या मंडळाने ठरावीक मुदतीत लावावा. आणि शंका असेल तिथे तिचा फायदा पेशंटला मिळावा, लस आणि आजार यांचा संबंध सिद्ध करायचं ओझं अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या डोक्यावर नसावं.