खुलासा: संग्रहालयाला कायम २० अंशच लागतात असे नाही

‘संग्रहालयात रात्रंदिवस २० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रताच हवी, नाहीतर चित्रे खराब होतात’ हा फिरणारा दावा चूक आहे. मोठ्या संग्रहालयांच्या बिझो गटाची हरित संहिता (ऊर्जा वाचवण्यासाठीची नियमावली) बहुतेक वस्तूंसाठी १६ ते २५ अंश आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता मान्य करते. आर्द्रतेतला २४ तासांतला चढउतार मात्र १० टक्क्यांपलीकडे नको. अरुंद मर्यादेसाठी हवा खूप थंड करून पाणी काढायचे आणि तीच पुन्हा तापवायची, म्हणजे वीज दोनदा खर्च होते. पण मुंबईच्या पावसाळ्यात रात्री एसी सरसकट बंद करू नका! आर्द्रता ७० टक्क्यांवर टिकली की कॅनव्हासला बुरशी धरते. आधी फटी बुजवा, नाजूक वस्तू ओलावा शोषणारे सिलिका जेल घातलेल्या बंद पेटीत ठेवा, मग रोजच्या नोंदी बघत मर्यादा सैल करा.