‘सुरत’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर : टक्के, टर्बाइन आणि भोसरीतले व्हॉल्व्ह

नमस्कार. तुम्ही नाव दिलेलं नाही, म्हणून नुसतंच नमस्कार. ‘आयएनएस सुरत’ या नौदलाच्या युद्धनौकेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, त्याचा गोषवारा नंतर येणाऱ्या वाचकांसाठी देतो. लेख म्हणजे सरकारी पत्रकाचं भाषांतर आहे. जहाज चालवणारे टर्बाइन युक्रेनचे, रडार इस्राएलचं, मग ७५ टक्के स्वदेशी कुठून आलं? ‘सुरत’ बांधणारी मुंबईची सरकारी गोदी, माझगाव डॉक, हा पत्रे जोडायचा कारखाना आहे. आणि हेच काम खासगी कंपनीला दिलं असतं तर निम्म्या वेळात झालं असतं.

पहिला टोला खाल्ला. शीर्षकात ‘संपूर्ण स्वदेशी’ असं लिहून खाली लेखात मीच ७५ टक्के म्हणत होतो. शीर्षकातून तो शब्द काढला आहे. बाकीच्यावर मात्र थोडं भांडायचं आहे.

टक्क्यांपासून सुरू करू, कारण तिथे तुमचं अर्ध बरोबर आहे. नौदल जहाजाचे तीन हिस्से करतं : फ्लोट, मूव्ह आणि फाइट. म्हणजे तरंगणं, चालणं आणि लढणं. २०१५ साली नौदलाने स्वदेशीकरणाचा पंधरा वर्षांचा आराखडा काढला, तेव्हा या तिन्हींतलं देशी प्रमाण ढोबळमानाने ९०, ६० आणि ३० टक्के धरलं जात होतं. म्हणजे जिथे जहाज लढतं तिथेच आपण सगळ्यात उणे, हे नौदलाला तुमच्या-माझ्याआधी ठाऊक होतं. ‘७५’ हा एकच आकडा या तिघांची खिचडी आहे. टोप मोठा असला की भात जास्त दिसतो, तसं. तरीही ‘सुरत’वरचे टॉर्पेडो आणि रॉकेट सोडणारे लाँचर लार्सन अँड टुब्रोचे आहेत आणि पुढची तोफ हरिद्वारच्या भेलमध्ये बनलेली, मूळ परवाना इटलीचा. असा प्रत्येक वस्तूचा वेगळा कुळवृत्तांत आहे. तो पाहायचा सोडून टक्क्यांवर वाद घालण्यात मला रस नाही.

टर्बाइनचा मुद्दा त्याहून गंभीर आहे, आणि तो तुम्ही एका वाक्यात उरकलात. युक्रेनमधल्या मिकोलाइव्हच्या झोर्या-मॅशप्रोएक्त कारखान्याचे टर्बाइन आपण बांधलेल्या डिस्ट्रॉयरवर (‘सुरत’सारख्या मोठ्या युद्धनौकांवर) ‘दिल्ली’पासून, म्हणजे १९९७ पासून आहेत. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतल्यावर युक्रेनने रशियाला टर्बाइन देणं थांबवलं. कालिनिनग्राडच्या यांतार गोदीत रशियाने स्वतःसाठी सुरू केलेल्या फ्रिगेटचे, म्हणजे जरा लहान युद्धनौकांचे, सांगाडे इंजिनाविना पडून राहिले. मग काय झालं? त्यातली दोन जहाजं आपण घेतली, टर्बाइन आपण युक्रेनकडून विकत घेतले आणि रशियाच्या गोदीत बसवायला दिले. एकमेकांशी लढणाऱ्या दोन देशांचं सामान एकाच इंजिनरूममध्ये! ‘तुशील’ डिसेंबर २०२४ मध्ये आणि ‘तमाल’ जुलै २०२५ मध्ये नौदलात आली. त्यांच्याच वर्गातली ‘त्रिपुट’ आणि ‘तवस्या’ आपल्या वास्कोला, गोवा शिपयार्डमध्ये बांधायला घेतली गेली.

याला हुशारी म्हणा किंवा लाचारी, दोन्ही शब्द लागू पडतात. पण यावरचा इलाज ‘आता सगळं इथेच बनवा’ असं फर्मान काढून होत नाही. एप्रिल २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सला ६ मेगावॉटचं सागरी डिझेल इंजिन विकसित करायचं काम दिलं : खर्च २७० कोटी, त्यातले ७० टक्के सरकार देणार आणि प्रोटोटाइपमध्ये, म्हणजे पहिल्या नमुन्यात, ५० टक्क्यांहून जास्त देशी भाग असणार. नीट वाचा. प्रोटोटाइप, आणि अर्ध्याहून थोडं जास्त. या वर्गाची इंजिनं आपण इतकी वर्षं बहुतेक बाहेरूनच आणत आलो, म्हणून सुरुवात इतकी खालून आहे.

आता ‘पत्रे जोडायचा कारखाना’. पत्र्याची गोष्ट ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजाच्या बांधणीत अनेकांनी वाचली असेल. रशियन पोलाद वेळेवर मिळेना, म्हणून हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेने, नौदलाने आणि सेल या सरकारी पोलाद कंपनीने मिळून डीएमआर २४९ हे पोलाद तयार केलं. सुमारे ३०,००० टन सेलने पुरवलं. ऐकायला प्रचंड वाटतं, पण वर्षाला कोटीभर टनांहून जास्त पोलाद ओतणाऱ्या कंपनीसाठी हे किरकोळ गिऱ्हाईक आहे. शिवाय नुसती प्लेट पुरत नाही. तिला जोडायला त्याच ताकदीचा वेल्डिंग रॉड लागतो, आणि आतून आधार देणारे बल्ब बार लागतात. इतक्या छोट्या, इतक्या कटकटीच्या ऑर्डरसाठी गिरणीला वर्षानुवर्षं बसवून ठेवणं, हे नौदलाचं काम.

हे मी पुस्तकी सांगत नाही. मी काही वर्षं भोसरीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात क्वालिटीला होतो. युद्धनौकेच्या खाऱ्या पाण्याच्या लाइनसाठी निकेल-अॅल्युमिनियम ब्राँझचे व्हॉल्व्ह हवे होते. साधं बिडाचं कास्टिंग तिथे चालत नाही : एक तर गंजतं आणि जवळ पाण्याखाली स्फोट झाला तर तडकतं. आमच्या पहिल्या लॉटमधली निम्म्याहून जास्त कास्टिंग रेडिओग्राफीत, म्हणजे एक्स-रे तपासणीत, बाद झाली, आत ब्लो होल, हवेची पोकळी. मालक म्हणाले, पुन्हा या भानगडीत पडायचं नाही. तेव्हा तपासणीला आलेले नौदलाचे अधिकारी चक्क दोन दिवस फाउंड्रीत बसले आणि रायझर (साच्यात जादा धातू पुरवणारी जागा) कुठे द्यायचा यावर आमच्या मोल्डरशी, साचे करणाऱ्या कारागिराशी, वाद घालत राहिले. तो वाद मोल्डर जिंकला, हे आवर्जून सांगतो. तिसऱ्या लॉटपर्यंत बाद होणं जवळपास थांबलं.

पण खरी अडचण धातूची नव्हती, कागदाची होती. गोदीत एक शब्द आहे : बाइंडिंग डेटा. पुरवठादाराने आपल्या वस्तूचं वजन, मापं, फ्लँज कुठे, पाया कसा, वीज किती लागेल, उष्णता किती सोडेल हे लिहून बांधून द्यायचं. नंतर बदल नाही. त्यावरून डिझायनर पाइप आणि केबल आखतो. आपल्याकडे बरीच जहाजं ‘टेलिस्कोपिक’ पद्धतीने बांधली गेली, म्हणजे कोणतं रडार आणि कोणता पंप घ्यायचा हे ठरण्याआधीच हल, म्हणजे जहाजाचा सांगाडा, उभा राहायला लागतो. डेटा उशिरा आला की लावलेले पाइप कापा, रंगवलेल्या कंपार्टमेंटमध्ये पुन्हा वेल्डिंग करा. एका गोदीच्या बाबतीत आमचंच ड्रॉइंग पाच महिने मंजुरीत अडकलं आणि उशिराचा दंड मात्र आमच्या बिलातून कापला गेला. त्याचा राग अजून आहे. तेव्हा सरकारी पत्रकाचा मी काही फार भक्त नाही.

हे सगळं बसलं की काय होतं, ते तारखांत दिसतं. ‘सुरत’च्याच मालिकेतलं पहिलं जहाज ‘विशाखापट्टणम’ एप्रिल २०१५ मध्ये पाण्यात उतरलं आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये नौदलात आलं : साडेसहा वर्षं. चौथं ‘सुरत’ मे २०२२ मध्ये उतरलं आणि १५ जानेवारी २०२५ ला आलं : पावणेतीन वर्षांच्या आत. पहिल्या वेळी जे व्हॉल्व्ह, जी केबल, जी ड्रॉइंग भांडून भांडून ठरली, ती चौथ्या वेळी तयार होती. ‘विशाखापट्टणम’च्या उशिरावर तुम्ही हवी तेवढी टीका करा, मीही करतो. पण ‘सुरत’ त्याच माणसांनी, त्याच गोदीने आणि बहुतेक त्याच पुरवठादारांनी बांधली आहे.

खासगीचं थोडक्यात. २०११ मध्ये गुजरातच्या पिपावाव गोदीला पाच गस्तीनौकांचं कंत्राट मिळालं. दोन पाण्यात उतरल्या, नौदलात एकही आली नाही, कंपनी दिवाळखोरीत गेली. उलट लार्सन अँड टुब्रोने तटरक्षक दलाची सात गस्ती जहाजं व्यवस्थित दिली. म्हणजे मालक कोण यावरून काहीच ठरत नाही. ऑर्डर येत राहते का, यावर बरंच ठरतं.

आणि इथेच तुमच्या टीकेत एक मुद्दा राहून गेला, जो तुम्ही मांडला असता तर मला उत्तर देता आलं नसतं. माझगावने जर्मन एचडीडब्ल्यू कंपनीच्या आराखड्यावर ‘शल्की’ १९९२ मध्ये आणि ‘शंकुल’ १९९४ मध्ये, या दोन पाणबुड्या बांधल्या. पाणबुडीच्या प्रेशर हलचं (पाण्याचा दाब सोसणाऱ्या आतल्या कवचाचं) वेल्डिंग शिकलेली माणसं तयार झाली होती. पण त्या व्यवहारातल्या भ्रष्टाचाराचं प्रकरण १९८७ मध्येच उठलं होतं. मग शांतता. पुढचा करार, स्कॉर्पीन या फ्रेंच आराखड्याच्या पाणबुड्यांचा, २००५ मध्ये झाला आणि त्यातली पहिली ‘कलवरी’ डिसेंबर २०१७ मध्ये आली. मधल्या काळात ते वेल्डर निवृत्त झाले किंवा दुसरीकडे गेले. फ्रेंचांकडून पुन्हा पहिलीपासून गिरवावं लागलं. ‘सुरत’ तिच्या मालिकेतली शेवटची आहे, ‘वागशीर’ सहा स्कॉर्पीनमधली शेवटची. दोघी एकाच दिवशी नौदलात आल्या, त्याचे फोटो मीही लेखात हौसेने लावले. तेव्हा पुढच्या ऑर्डरबद्दल एक ओळ लिहायला हवी होती. ती लिहिली नाही, ही माझी चूक शीर्षकातल्या शब्दापेक्षा मोठी आहे.

आमच्या भोसरीच्या कारखान्यातही तेच झालं. तिसऱ्या लॉटनंतर सहा वर्षं नौदलाचं काम आलं नाही. वाद जिंकणारा मोल्डर चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत गेला. परवा जुन्या मालकांना फोन केला होता. व्हॉल्व्हचे लाकडी पॅटर्न अजून माळ्यावर आहेत म्हणाले. पावसाळ्याआधी खाली काढून वाळवी बघतात आणि परत वर ठेवतात.