संत्र्याची साल, केक आणि आबांचा बगीचा

रविवारी मी संत्र्याचा केक केला. त्यात इसेन्स नव्हता, केशरी रंग नव्हता आणि खोक्यातला रसही नव्हता. तीन नागपुरी संत्री सालीसकट उकडून, बिया काढून, मिक्सरमधून फिरवून घातली होती. साल घालणार हे ऐकताच घरात दोघांची तोंडे वाकडी झाली आणि शेजारच्या काकूंनी तर "अगं, सगळं कडू होईल" असे दारातूनच बजावले. म्हणून आज सालीची बाजू मांडायला बसले आहे. रसामुळे केकला आंबटगोडपणा येतो, ओल येते. पण डोळे मिटूनही ज्यावरून संत्रे ओळखावे तो वास सालीवरच्या बारीक ठिपक्यांत, म्हणजे तेलाच्या इवल्याशा पिशव्यांत भरलेला असतो. आपण नेमके तेच कचऱ्यात टाकतो आणि मग दुकानातून वासाची बाटली विकत आणतो.

माझे आजोळ काटोलकडचे. दिवाळीच्या सुटीत पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूर आणि पुढे एसटीने तास-दीड तास, असा आमचा प्रवास असे. पहिल्याच दिवशी बोलण्यावरून चिडवणे सुरू होई, कारण आम्ही पुण्याची मुले 'संत्रं' म्हणत असू आणि तिकडे सगळे 'संत्रा' म्हणत. त्या दिवसांत आंबिया बहाराची, म्हणजे आंब्याच्या मोहोराच्या वेळी आलेल्या फुलांची, फळे उतरत असत आणि पडवीत, माजघरात, खाटेखाली, जिथे जागा मिळेल तिथे संत्र्यांचे ढीग असत. आम्ही खाऊन टाकलेल्या साली आजी गोळा करून सुपात वाळत घाली. पुढे त्या कुटून उटण्यात पडत. म्हणजे या वर्षीच्या फराळानंतर खाल्लेल्या संत्र्याची साल पुढच्या नरकचतुर्दशीला आमच्याच अंगाला लागे.

तिच्या हाती लागण्याआधी मात्र सालीवर आमचा हक्क असे. एकमेकांच्या डोळ्यांत साल पिळणे हा नेहमीचा गुन्हा झाला, त्याची शिक्षाही ठरलेली होती. खरी मजा पणतीपाशी होती. सालीचा ताजा तुकडा ज्योतीपासून चार बोटांवर धरायचा, बाहेरची बाजू ज्योतीकडे करायची आणि एकदम दुमडायचा. डोळ्यांना जेमतेम दिसेल असा तुषार उडे आणि ज्योतीत तडतड करत ठिणग्यांचे फूल उमले. फुलबाज्या संपल्या की आमची दिवाळी अशी फुकटात चाले. त्या तेलाचा मोठा भाग लिमोनीन नावाच्या द्रव्याचा असतो आणि ते चटकन पेट घेते, हे मी फार पुढे वाचले. त्या वेळी एवढेच कळत होते की फोडी खाऊन झाल्या तरी संत्रे संपलेले नसते.

उन्हाळ्याच्या सुटीत आबांचा, म्हणजे आजोबांचा, हाच संत्र्याचा बगीचा ओळखू येत नसे. पाने गळलेली, उरलेली पिवळट आणि आत वळलेली, झाडांभोवतीची आळी कोरडी, जमीन भेगाळलेली. आणि विहिरीत पाणी असूनही आबा झाडांना ते देत नसत. मला तो निव्वळ दुष्टपणा वाटे. एकदा मी लपून बादलीभर पाणी एका झाडाच्या आळ्यात ओतले. आबांनी ओली माती पाहिली, रागावले नाहीत. मला बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, जवळ बसवून म्हणाले, "पानी तोडलं का झाडाले वाटते, आता आपलं काही खरं नाही. मंग ते फुलते." याला ताण देणे म्हणतात. मृग बहारासाठी मे महिन्यात, जमीन पाहून महिना-दीड महिना पाणी तोडायचे, म्हणजे पावसाच्या पहिल्या सरींबरोबर झाड फुलावर येते आणि फेब्रुवारी-मार्चात फळ हाती लागते. आंबिया बहारासाठी हेच डिसेंबरात करायचे, म्हणजे आंब्याच्या मोहोराबरोबर संत्राही फुलतो. मी पाणी घातलेल्या झाडाला त्या वर्षी बहर आला की नाही, हे मी आबांना कधीच विचारले नाही.

आता केककडे येते. परदेशी पाककृती डोळे झाकून केली की आपले संत्रे दगा देते, आणि दोष त्याच्या माथी जातो. त्या पाककृती घट्ट सालीच्या गोल संत्र्यासाठी लिहिलेल्या असतात. ते किसणीवर धरता येते. नागपुरी संत्र्याची साल फोडींपासून सुटलेली, फुगीर असते. किसणीवर ती सरकते, फाटते आणि शेवटी बोटच किसले जाते. म्हणून मी सबंध फळ उकडते. दहा मिनिटे उकळून पहिले पाणी फेकायचे, त्याबरोबर बराचसा कडवटपणा जातो. मग नव्या पाण्यात अर्धा तास, सुरी लोण्यासारखी आत जाईपर्यंत.

आणि बिया. पहिल्यांदा मी हा केक केला तेव्हा बिया काढायचा कंटाळा केला. मिक्सर सगळे वाटून टाकतो, हा माझा हिशेब. केक दिसायला देखणा झाला आणि चवीला कडुनिंब. नागपुरी संत्र्यात बिया भरपूर, आणि बियांत लिमोनिन असते, जे जिभेला अगदी थोडेसेही जाणवते. वासाचे लिमोनीन आणि कडूपणाचे लिमोनिन. मराठीत लिहिताना फरक एका वेलांटीचा, केकमध्ये मात्र आकाशपाताळाचा. पिळून ठेवलेला रसही याच लिमोनिनपायी तासा-दोन तासांत कडवट होत जातो. आजी रसाचा पेला हातात देऊन समोर उभी राहायची आणि तो रिकामा होईपर्यंत हलायची नाही. तो तिचा करडा स्वभाव असावा, असे मी इतकी वर्षे धरून चालले होते.

बाकी कृती साधी आहे. बिया काढलेला गर, दोनशे ग्रॅम बारीक रवा, पन्नास ग्रॅम कणीक, पाऊणशे ते दीडशे ग्रॅम साखर (फळाच्या गोडीवर), अर्धी अर्धी वाटी दही आणि तेल. वीस मिनिटे झाकून ठेवल्यावर चमचाभर बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा, आणि एकशे ऐंशी अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटे. वेलची घालू नये, हे माझे ठाम मत आहे. ती आली की संत्रे मुकाट्याने मागे सरते.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे, नागपूरहून येणारा प्रत्येक पाहुणा संत्रा बर्फी आणतो; आणि ऐन हंगामात माझ्या घराजवळच्या मोठ्या दुकानात दर्शनी फळीवर मेण लावलेली, स्टिकर चिकटवलेली परदेशी संत्री असतात. आपली खालच्या टोपलीत, सालीला डाग आहेत म्हणून. हा डाग बहुतेक वेळा फक्त सालीवरचा असतो, आतल्या फोडीला त्याचा पत्ताही नसतो. ज्या सालीला घरात कचरा म्हणतात, तिच्याच रूपावरून बाजारात फळाचा भाव पाडतात, हे मला अजून उमगलेले नाही.

आबांचा बगीचा आता नाही. आधी काळी माशी ही कीड आणि तिच्यामागून कोळशी ही काळी बुरशी आली, सगळी पाने काजळी धरल्यासारखी झाली. मग खोडांना डिंक्या, म्हणजे डिंक गळत राहण्याचा रोग, लागला. विहीर आटली तेव्हा बोअर घेतले आणि तेही दरवर्षी खोल खोल जात राहिले. पाणी तोडायचे तर आधी ते असावे लागते. मामाने झाडे काढून तिथे कपाशी आणि तूर लावली, विहिरीजवळची अकरा झाडे तेवढी घरच्यासाठी ठेवली. इकडची संत्री विकत घेणाऱ्या बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेल्यापासून ज्यांचे बगीचे मोठे आहेत त्यांनाही भाव मिळेनासा झाला आहे, असे तो सांगतो.

रविवारी संध्याकाळी त्याला केकचा फोटो पाठवला, तसा त्याचा लगेच फोन आला.

"सालीसकट घातला का वं?"

"सालीसकट."

"काय भाव पडला संत्रा तिकडं?"

मी सांगितला. पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग तो "बाप्पा!" एवढेच म्हणाला, आणि रवा किती घ्यायचा ते पुन्हा एकदा सांग, मामी लिहून घेते आहे, म्हणाला.